गुर्द्याची चरबी

होळी होऊन आठ दिवस झाले आणि केशरबाईचा उजवा तळहात फाटला.

आधी अंगठ्याच्या बुडाशी नुसती रेघ होती. तिनं चिंधी बांधली आणि हातोडा चालू ठेवला. चौथ्या दिवशी रेघ उघडली. दांडा मुठीत धरला की आतलं लाल दिसायचं, आणि दगडावर घाव बसला की कळ कोपरापर्यंत जायची. टाचांना तर अशा भेगा होत्या की ज्वारीचा दाणा मावला असता.

वाडीपासून अर्ध्या कोसावर, शिरूरच्या रस्त्याला, दुष्काळी कामावर खडी फोडणं चालू होतं. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. लागोपाठ तिसरं वर्ष कोरडं गेलेलं. ज्यांच्या दारात चार-चार बैल होते त्यांच्या सुनाही पदर पुढं ओढून दगडापुढं बसत होत्या. दगड सगळ्यांना सारखे होते. पाण्याचे रांजण मात्र दोन. बौद्धवाड्याचा रांजण बाभळीखाली, लांब.

केशरबाईच्या ढिगाशेजारी छबुबाईचा ढीग. छबुबाई मराठ्याची, नवऱ्याची बारा एकर पडीक. पाच महिने शेजारी बसून दोघींचं बोलणं झालं होतं. पाटीला पाटी लागली की मात्र छबुबाई आपली पाटी मागं घ्यायची.

"हात दाखीव," त्या दिवशी छबुबाई म्हणाली.

केशरबाईनं लांबूनच तळहात उघडला.

"आगं माय! तेल तरी लाव की."

"भाजीला तेल न्हाई, हाताला कुठून आणू?"

"माझी टाच बघ. पू झालाय. रात्री अंथरुणाला चिकटती." छबुबाईनं पाय पुढं केला, आणि मुकादम धुळाजी येताना दिसला तसा आत घेतला.

घरी सासूनं, जाईबाईनं, सुनेचा हात उजेडात धरून पाहिला. जाईबाई साठीच्या पुढची. तिनं भेगेच्या दोन्ही कडा अंगठ्यानं दाबल्या. केशरबाई ओरडली.

"ह्याला चरबी पायजे," जाईबाई म्हणाली. "चरबी अन् चिमूटभर राळ. चार दिवसांत मिटंल."

शहादेव दाराबाहेर बसून रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खात होता. खडी ट्रकात भरायच्या टोळीत तो कामाला होता. त्याचा घास हातातच राहिला.

"काय म्हणलीस, माय?"

"मेलेल्याची न्हाई म्हणत मी. कसायाकडची. बोकडाची. इकत आणू."

"वास त्योच हाय," शहादेव म्हणाला आणि भाकरी तशीच ठेवून उठला.

जाईबाईनं ती झाकून ठेवली. तिला माहीत होतं. अकराव्या वर्षी ती या घरात आली तेव्हापासून नवऱ्याच्या, सटवाच्या, बरोबरीनं तिनं गावची मेलेली जनावरं ओढली होती, फाडली होती. कातडं ते कमावणाऱ्या ढोराकडं जायचं. चरबी घरी कढायची. मोटेचं कातडं मऊ राहावं म्हणून कुणबी ती न्यायला यायचे. पळसाच्या पानावर गोळा ठेवून ती मागं सरायची, मग ते पुढं होऊन उचलायचे. गाडीच्या आसाला तीच, वरातीच्या मशालीला तीच. पावसाळ्यात काही नसलं की भाकरीवरही तीच. शहादेव शाळेत दाराबाहेर बसायचा. तिसरीत असताना मास्तरांनी त्याला अजून दोन हात लांब सरकवलं. म्हणाले, ह्याच्या अंगाला चरबीचा वास येतो. त्या दिवशी त्यानं नदीच्या वाळूनं अंग घासून घासून रक्त काढलं होतं.

छप्पन साल गेलं, आणि पुढच्याच वर्षी वाड्यातल्या सगळ्यांनी दीक्षा घेतली. मेलेलं जनावर ओढायचं नाही असं ठरलं. तेव्हा सतरा वर्षांच्या शहादेवनं आईची सुरी आणि लोखंडी कढई स्वतः नेऊन नदीच्या डोहात फेकली. गावानं वर्षभर दळण-मीठ बंद केलं. तेही त्यांनी काढलं. त्याला आता सोळा वर्षं झाली होती.

पण केशरबाईचा हात काही मिटेना. खडीचं माप भरेना, आणि माप भरलं नाही तर हजेरी अर्धी लागे. बाजाराच्या दिवशी शहादेव कामावर गेल्यावर जाईबाईनं काठी घेतली आणि ती शिरूरला चालत गेली.

मुनीरभाईच्या दुकानापुढं बोकडांची रांग होती. चारा नाही म्हणून लोक मिळेल त्या भावानं शेरडं विकत होते.

"जाईबाई! लई वर्सांनी," मुनीरभाई म्हणाला.

"गुर्द्याची चरबी पायजे. एखादा जुना खस्सी बोकड बघून दे."

"बोकडाची निघती चांगली. बाभळीच्या शेंगा खाऊन जगल्यात बेटे. गाई-बैलाला ते जमत न्हाई." त्यानं गुर्द्याभोवतीची पांढरी, कोरडी चरबी ओढून काढली आणि फडक्यावर टाकली. "आठवड्याला साबणवाल्याचा माणूस येतो, डबे भरून नेतो. मेणबत्तीवाला बी नेतो. कशाचा साबण हाय, लावणाऱ्याला कुठं ठाऊक असतं! घेऊन जा. पैसे नको."

"पैसे घ्यावे लागतील."

"कावून?"

"इकत आणली म्हणून मला घरी सांगायचंय."

मुनीरभाईनं तिच्याकडं पाहिलं आणि आठ आणे घेतले.

संध्याकाळी नदीच्या कोरड्या पात्रात तीन दगड मांडून जाईबाईनं फुटक्या कानाचं मडकं चढवलं. चरबी बोराएवढी बारीक चिरली होती. बुडाला लागू नये म्हणून ओंजळभर पाणी घातलं, तेही रांजणाच्या तळचं. जाळ मंद ठेवला. केशरबाई शेजारी बसून बघत होती. तुकडे आधी पांढरे राहिले, मग काचेसारखे झाले, मग आक्रसून तांबूस होऊन वर आले. खाली स्वच्छ रस राहिला. जाईबाईनं तो जुन्या लुगड्याच्या फडक्यातून पत्र्याच्या डब्यात गाळला आणि त्यात राळेची पूड टाकून काडीनं ढवळलं.

"तुमाला इसर न्हाई पडला, आत्या," केशरबाई म्हणाली.

"हाताला कुठं इसरायला येतं?"

शहादेव काठावर येऊन उभा होता. किती वेळ, ते त्यांना कळलं नव्हतं. वारा त्याच्याकडंच होता.

"आठ आणे मोजून आणलीय," जाईबाई मान वर न करता म्हणाली. "मुनीरभाईला इचार."

शहादेवनं नाकाला उपरण्याचं टोक लावलं होतं. त्यानं डब्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "घरात आणायची न्हाई. उंबऱ्याच्या आत न्हाई."

"न्हाई आणत."

डबा मागच्या कुडाच्या वळचणीला टांगला गेला. शहादेव त्या बाजूनं जायचा बंद झाला.

जाईबाई रोज सकाळी काडीनं थोडा मलम काढी, चमच्यात पातळ करी आणि कोमट असतानाच भेगेत सोडी. पहिल्या दिवशी आग झाली. दुसऱ्या दिवशी कडा मऊ पडल्या. पाचव्या दिवशी केशरबाईनं मूठ वळली आणि उघडली, पुन्हा वळली. त्या दिवशी तिचं माप दुपारीच भरलं.

छबुबाईनं ते पाहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती सरकून जवळ आली.

"काय लावलंस?"

जाईबाईनं सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर औषध म्हण. केशरबाईच्या ओठांवर तो शब्द आला होता. पण पाच महिने जिच्या शेजारी बसलो तिला कशाला फसवायचं, असं तिला वाटलं.

"बोकडाची चरबी हाय. माझ्या सासूनं कढवलेली. आमच्या घरची हाय, बघ. नंतर म्हणशील सांगितलं न्हाई."

छबुबाईनं आजूबाजूला पाहिलं. मग पदराआडून पाय पुढं केला.

"लाव."

"तू लाव, मी देते."

"मला वाकता येत न्हाई. तूच लाव."

केशरबाईनं तिची टाच मांडीवर घेतली, पू पुसला आणि चिंधीत बांधून आणलेला मलम भरला. छबुबाईनं दात आवळून डोळे मिटले होते. आठवड्याच्या आत तिचा पू आटला. मग तिच्या जावेनं विचारलं, मग आणखी दोघींनी. डबा संपला तसा जाईबाईनं दुसऱ्या बाजाराला पुन्हा चरबी आणली. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. बायका उठताना केशरबाईच्या ढिगाकडून वळून जात, एवढंच.

त्याच दिवसांत छावणीवर गुरं मरायला लागली.

छावणी गावच्या सेवा सोसायटीची होती. माळावर तट्ट्याच्या आडोशाला दीडशे जनावरं बांधलेली. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव. धाकटा भाऊ मोहनराव छावणी बघायचा. सरकारी चाऱ्याचे ट्रक येतात असं सगळे म्हणत. पण ट्रक उतरताना कुणी पाहिला नव्हता. आठ दिवसांत सात जनावरं गेली. सुंदररावांनी आधी सांगितलं, रोग आहे. मग कुणीतरी म्हणालं, विष असंल. आणि मग कुणीतरी म्हणालं, जाईच्या घरी चरबी कढतीय.

सकाळी केशरबाई कामावर पोचली तर धुळाजी मुकादमानं तिला बसूच दिलं नाही.

"तुझं नाव आज हजेरीला न्हाई. तुझ्या नवऱ्याचं बी न्हाई. आधी छावणीवर जा. सासूला घेऊन जा."

"कावून? काय केलं आमी?"

"ते चेअरमनला इचार."

छावणीवर निम्मी वाडी जमली होती. खडीवरच्या बायकाही आल्या होत्या. मधे म्हाळूची तांबडी गाय पडली होती. पहाटे मेलेली. पोट फुगलेलं आणि बाकी नुसती हाडं. म्हाळू हा कोरडवाहू चार एकरांचा माणूस. तो गाईच्या डोक्याशी उकिडवा बसून तिच्या शिंगावर बसणाऱ्या माश्या हाकलत होता.

सुंदरराव खुर्चीवर बसले होते. पायाशी तो पत्र्याचा डबा. कुणीतरी वळचणीतून काढून आणलेला.

"जाई, हे काय हाय?"

"चरबी, आप्पा."

"कशाची?"

"बोकडाची. मुनीरभाईकडची."

"सोळा वर्सं तुमच्याकडं चरबी निघाली न्हाई. आमची गुरं मरायला लागली अन् निघाली? आं?" सुंदरराव लोकांकडं वळले. "विख घालायचं अन् मग मेल्यावर फाडायचं. जुनी खोड हाय ही."

"तोंड सांभाळून बोला," शहादेव पुढं आला. "मेलेलं जनावर आमी ओढत न्हाई, हे तुमालाच लई चांगलं म्हाईत हाय. त्याच्यापायी तुमीच आमचं दळण बंद केलतं."

"गप बे! तुला न्हाई इचारलं." सुंदररावांनी डब्याला पायानं ढकललं. तो आडवा झाला. आतलं घट्ट होतं, सांडलं नाही. "ही गाईची चरबी आमच्या बायकांच्या अंगाला लावली. कुणीकुणी लावली? सांगा."

बायकांमधून आवाज आला नाही. केशरबाईनं छबुबाईकडं पाहिलं. छबुबाई खाली बघत होती. तिनं दोन्ही पाय हळूच लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतले.

केशरबाईनं नजर फिरवली.

जाईबाई काठी टेकत गाईजवळ गेली. हात लावला नाही. वाकून तिनं माकडहाडाजवळचा खड्डा बघितला, बरगड्या बघितल्या, गाईच्या मिटलेल्या डोळ्याभोवतीची खोल गेलेली वाटी बघितली.

"आप्पा," ती म्हणाली, "हिच्यात चरबी कुठली?"

"म्हंजी?"

"तीस-पस्तीस वर्सं मी हेच केलं. ह्या गावची किती जनावरं फाडली त्याची मोजदाद न्हाई. विख खाल्लेलं मी बघितलंय. त्याच्या पोटात चारा असतो, गुर्द्याला चरबी असती. खाऊन मरतं ना ते! उपाशी मेलेल्याच्या गुर्द्याला चरबी नसती. तिथं पिवळं पाणी असतं, खळीसारखं. ही उपाशी मेलीया. हिला पिळून काढली तरी ह्या डब्याचं बूड भरायचं न्हाई."

म्हाळूनं पहिल्यांदाच मान वर केली.

"काय बी बोलती म्हातारी," मोहनराव म्हणाला.

"मग फाडून बघा."

आता सगळ्यांच्या नजरा शहादेवकडं वळल्या. कुणी सांगायची गरज नव्हती.

"तुमीच म्हणताय ना," सुंदरराव म्हणाले. "फाड मग. तुझ्या बापाचंच काम हाय."

"न्हाई."

"मग तुझी माय खोटं बोलती."

"दे रं सुरी कुणीतरी," जाईबाई म्हणाली. "मी फाडते. एकदाच. ह्या एकीचंच."

"माय, खाली बस."

"आरं पण हजेरी..."

"बस म्हणलं ना!" शहादेवचा आवाज चिरकला. मग त्यानं तो खाली आणला. "तू फाडलंस तर उद्या दुसरं मेलं की पुन्हा तुलाच बोलावतील. शिरूरला सरकारनं जनावरांचा डॉक्टर ठिवलाय. पगार देऊन ठिवलाय. त्यो फाडील."

"त्यो कशाला येतोय इथं?" सुंदरराव म्हणाले.

"मी आणतो. म्हाळूअण्णा, गाय तुमची हाय. फाडायला तुमची हरकत हाय का?"

म्हाळूनं नकारार्थी मान हलवली. "मला बी बघायचंय," तो म्हणाला.

शहादेव तिथूनच शिरूरकडं निघाला. उन्हातच निघाला. केशरबाईनं त्याला भाकरीचा तुकडा द्यायला हाक मारली, तोवर तो उतारापलीकडं गेला होता. कुत्री येऊ नयेत म्हणून म्हाळू रात्रभर गाईजवळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा सायकलवर डॉक्टर आले, मागं कॅरिअरवर शहादेव. डॉक्टर तरणे होते, नव्यानं नेमणूक झालेले. गाईचा वास आता लांबूनच येत होता. त्यांनी नाकाला रुमाल बांधला, पिशवीतून सुरी काढली आणि शहादेवकडं पाहिलं.

"पाय धरायला दोघं लागतील. चल."

"साहेब, आमी ते काम सोडलंय. तुमाला वाटंतच सांगितलं."

"अरे, फक्त धरायचं."

"धरायचं बी सोडलंय."

डॉक्टर थोडे वैतागले. म्हाळू उठला. "मी धरतो. माझी गाय हाय." त्यानं गाईचा मागचा पाय धरला आणि वर उचलला.

"दुसरा कोण? छावणी कोण चालवतं?" डॉक्टरांनी विचारलं.

कुणी नाव घेतलं नाही, पण मोहनरावच्या आजूबाजूची माणसं थोडी बाजूला सरली. मोहनराव भावाकडं बघत होता. सुंदरराव खुर्चीच्या हाताकडं बघत होते. शेवटी मोहनरावनं पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पुढचा पाय धरला.

कातडं वाळून ताठ झालं होतं. डॉक्टरांनी पोटाच्या मधोमध सुरी लावली, ती घसरली. दुसऱ्यांदा लावली, वाकडी गेली. बौद्धवाड्याची माणसं दहा हातांवर उभी होती. जाईबाई त्यांच्या पुढं, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"साहेब, तिथनं न्हाई," ती म्हणाली. "हवा हाय तिथं, अंगावर येईल. डावीकडं या. शेवटच्या बरगडीखाली चार बोटं सोडा. तिथं मऊ हाय. आता खालच्या अंगाला ओढा. दमानं."

डॉक्टरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि ती सांगेल तसं केलं. कातडं फाटत गेलं. वासानं पुढचे लोक मागं आले. मोहनरावनं तोंड फिरवलं, पण पाय सोडला नाही. मोठी पिशवी उघडली तेव्हा तिच्यातून माती निघाली. ओंजळीनं माती. मग गोणपाटाचे धागे, कागद, सुंभाचा वीतभर तुकडा आणि बाभळीचे काटे.

"हे काय खात होती ही?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले.

"आता आत हात घाला, साहेब. पाठीच्या कण्याला लागून. डाव्या अंगाला. लागलं का काय?"

"लागलं."

"त्योच. काढा भाईर."

डॉक्टरांनी गुर्दा काढला. काळा, उघडा, नदीतल्या गोट्यासारखा. भोवती चरबी नव्हती. पिवळसर, पारदर्शक खळीसारखं काहीतरी लोंबत होतं, ते त्यांच्या मनगटावरून ओघळलं. शेजारीच सुंदररावांच्या खुर्चीखाली तो डबा पडला होता. आतला पांढरा, टणक गोळा सगळ्यांना दिसत होता. कुणाला दाखवावं लागलं नाही.

"या जनावराला निदान महिना-दीड महिना पोटभर मिळालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "विषाची काही खूण नाही. मी तसं लिहून देतो."

म्हाळूनं गाईचा पाय हळूच खाली ठेवला. तो उभा राहिला. त्याच्या धोतराला रक्त लागलं होतं.

"मग चारा कुठं गेला, आप्पा?" त्यानं विचारलं. आवाज चढवून नाही. बाजाराला कोण गेलतं असं विचारावं तसं.

"चौकशी करू आपण," सुंदरराव म्हणाले.

"कुठं गेला?" म्हाळूनं पुन्हा विचारलं. मग मागनं दुसऱ्या एकानं विचारलं. मग तिसऱ्यानं. सुंदरराव उठले, चप्पल शोधू लागले. एक सापडली, दुसरी खुर्चीखाली डब्यामागं गेली होती. ती काढायला त्यांना वाकावं लागलं.

मोहनराव तिथंच उभा होता, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. कोपरापर्यंत पिवळं, तांबडं. पाण्याचा टँकर यायला अवकाश होता. तो इकडं-तिकडं बघत होता. मग जाईबाईपुढून जाताना थांबला.

"हे कशानं जातं?" त्यानं हळूच विचारलं.

"राख घ्या. राखेनं कोरडंच घासा, मग माती. पाणी लगीच लावू नका, पसरतं." जाईबाईनं थोडं थांबून सांगितलं, "डाग जाईल. वास तीन दिवस राहतो."

परत येताना शहादेव आईच्या पुढं चालत होता. नदीच्या पात्रात तो थांबला.

"तुला कसं म्हाईत व्हतं? ते पाण्याचं?"

"तू जन्मायच्या आधी असाच दुष्काळ पडलता. गावची सगळी गुरं मेली. रोज दोन-दोन फाडली आमी. तुझा बाप म्हणायचा, आता वर्सभर भाकरीवर घालायला झालं. अन् एकीतनं बी चमचाभर निघाली न्हाई. पाणीच निघायचं." ती दम खात उभी राहिली. "तुझ्या वरची एक लेक व्हती. ती त्याच साली गेली."

शहादेवला ते माहीत नव्हतं. त्यानं आईच्या हातातली काठी घेतली आणि तिला खांद्याचा आधार देत काठावर चढवलं.

डॉक्टरांचा कागद तहसीलला गेला. पाचव्या दिवशी चाऱ्याचा ट्रक आला आणि तो म्हाळूनं आणि आणखी दहाजणांनी उभं राहून उतरवून घेतला. सुंदरराव चेअरमनच राहिले. कुणी माफी मागितली नाही. धुळाजीनं मात्र गाय फाडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शहादेवचं आणि केशरबाईचं नाव पुन्हा हजेरीला लावलं होतं. मधल्या दिवसांची हजेरी काही मिळाली नाही.

केशरबाई ढिगापुढं बसली तेव्हा छबुबाई आधीच येऊन बसली होती. दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत. हातोडे तेवढे वाजत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी छबुबाई म्हणाली,

"सुंदरराव माझ्या भावकीतले हायत गं. तिथं बोलले असते तर घरात घेतलं नसतं मला."

केशरबाईनं दगड फिरवला, शीर बघितली आणि घाव घातला. "पाय कसा हाय?" तिनं विचारलं.

"बरा हाय." छबुबाईनं थोडा वेळ खडी चाळली. "मोहनरावचं कळलं का तुला? त्याची बायको, विमल वहिनी, त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देईनात. वास येतो म्हणत्यात. अख्खी साबणाची वडी झिजवली त्यानं, तरी न्हाई. भाईर ओट्यावर ताट सरकवत्यात त्याच्याम्होरं. आज तिसरा दिवस. सुंदरराव बी त्याच्या पंगतीला बसंनात."

दिवस मावळताना केशरबाईनं हे घरी सांगितलं. शहादेव दारात बसला होता. तो हसला. मोठ्यानं, मान मागं टाकून हसला. कितीतरी महिन्यांत तो तसा हसला नव्हता. "लांबून ताट सरकवत्यात!" तो म्हणाला. "मोहनरावला!"

जाईबाई जात्याशी मिलो निवडत होती. तिनं हात थांबवला.

"पण जेवतो का त्यो?" तिनं विचारलं.

"आं?" केशरबाईला कळलं नाही.

"तसं लांबून सरकवल्यावर पहिल्या पहिल्यांदा घास उतरत न्हाई," जाईबाई म्हणाली. "इचार छबूला उद्या. जेवतो का म्हणावं."

शहादेवचं हसू तोंडावरच राहिलं. मग तो उठून बाहेर गेला, आणि अंधार पडेपर्यंत ओट्याच्या दगडावर नुसता बसून राहिला.